मैदानावरचे शेत

आपल्याकडे नव्या संस्थाध्यक्षाची पहिली योजना बहुधा प्रवेशद्वाराची असते. अमेरिकेत डॅलस येथील पॉल क्विन या १८७२ साली स्थापन झालेल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात २००७ मध्ये निराळे घडले. मायकेल सोरेल अध्यक्ष झाले तेव्हा संस्था डबघाईस आली होती. आवारात पडीक इमारती उभ्या होत्या. त्यांनी आरंभीच फुटबॉलचा संघ बंद केला. ज्या देशात महाविद्यालयाची अब्रू मैदानावर मोजली जाते, तेथे हे धाडसच! पडीक इमारती पाडण्यात आल्या. २००९ मध्ये तर संस्थेची शैक्षणिक मान्यताच धोक्यात आली. भोवतालच्या गरीब वस्तीला ताजी भाजी जवळपास मिळत नसे. २०१० मध्ये त्याच मैदानावर शेती सुरू झाली. पुढे सर्व निवासी विद्यार्थ्यांना काम आणि त्या बदल्यात शुल्कात सवलत, अशी व्यवस्था आली.

साताऱ्याच्या शिवाजी महाविद्यालयात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ पासून रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ योजना येथे आठवल्यावाचून राहत नाही. परंतु एक भेद डोळ्यांआड करता येणार नाही. डॅलसच्या शेतामागे पेप्सिकोचे साहाय्य होते, आणि तेथील कित्येक विद्यार्थी खासगी कंपन्यांच्या कचेऱ्यांत राबतात. त्यांच्या कामाचे तास व मोबदला ठरविताना विद्यार्थ्यांचा शब्द कितपत चालतो, आणि गरिबाच्या मुलाचे शुल्क त्याच्याच घामातून वसूल होत असताना सरकारने आपली जबाबदारी किती झटकावी, हे प्रश्न सोरेल यांच्या धडाडीमुळे सुटलेले नाहीत.