पैनगंगेच्या दोन थड्या

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर अंगास हिमायतनगर हा तालुका आहे. १९९९ सालीं हदगांव तालुक्यांतून तो वेगळा निघाला. हिमायत हें नांव सातव्या निजामाच्या थोरल्या राजपुत्राचें. गांव मात्र त्याहून पुष्कळ जुनें, आणि त्याचें मूळ नांव वाढोणा. महाशिवरात्रीस परमेश्वराच्या यात्रेला येणाऱ्या वृद्धांच्या तोंडीं अद्यापि तेंच ऐकूं येतें.

तालुक्याची उत्तरेकडील सीमा पैनगंगेनें आखली आहे. नदीनें सीमा आखणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. इंग्लंडच्या दक्षिणेस कॉर्नवॉल व डेव्हन ह्या दोन परगण्यांमधील टेमर नदी दहाव्या शतकापासून तेंच करीत आली आहे. परंतु पैनगंगेच्या वांट्याचें काम अधिक कठीण होतें. १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, आणि पात्राच्या अलीकडे एक अंमल व पलीकडे दुसरा, अशी स्थिति झाली. दोन्ही थड्यांस तीच काळी जमीन, तोच कापूस, तीच ज्वारी, तीच मराठी. सोयरिकीही नदी ओलांडून होत. पण अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार. अलीकडच्या कचेरींत उर्दू, पलीकडच्या शाळेंत मराठी. गाडीला उतार सांपडला तरी मालाला करोडगिरीचा नाका असेच. माहेरीं निघालेल्या लेकीलाही परमुलखांत जावें लागे!

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं तिरंगा फडकला तो पलीकडच्या थडीवर. अलीकडे त्यासाठीं आणखी तेरा महिने झगडावें लागलें. त्या काळांत मात्र हीच सीमा कामास आली. पलीकडे उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांची छावणी उभी राहिली. रझाकारांच्या मुलखांत शिरावें, काम उरकावें आणि परत नदीपार व्हावें, असा क्रम सुरू झाला. ३० जानेवारी १९४८ रोजीं उमरीची बँक लुटली गेली, तिची रक्कमही ह्याच छावणींत पोंचली. लूट हा शब्द येथें थोडा अन्यायाचाच; तो पैसा लढ्यासाठीं होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. तरी दोन्ही थड्या एका राज्यांत आल्या त्या १९५६ सालीं, मराठवाडा व विदर्भ मुंबई राज्यांत सामील झाले तेव्हां. मध्यें एकशें तीन वर्षें गेलीं.

आज नदीच्या अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. पावसाळ्यांत वरच्या अंगाला ईसापूर धरणाचे दरवाजे उघडले आणि पूर चढला कीं दोन्ही थड्यांवरचीं पिकें एकदमच पाण्याखालीं जातात. पंचनामे तेवढे दोन जिल्ह्यांचे तलाठी निरनिराळे करतात.