डोळे चुरचुरतात? अंगावर काढू नका

एडिनबराचा वारा, खोलीतला हीटर आणि साइटवरची धूळ. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, वर पाणीही येतं. पाणी येतंय म्हणजे डोळे कोरडे नाहीत, असं समजू नका. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून तेल नीट आलं नाही, की अश्रू लवकर उडून जातात. डोळा चुरचुरतो आणि म्हणूनच पाणी सोडतो.

स्वच्छ कापड सोसेल इतक्या गरम पाण्यात भिजवून मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं धरा. मग पापण्या हलक्या हाताने चोळा. लाली घालवणारे थेंब मात्र रोज टाकू नका.

पैशाच्या भीतीने थांबू नका. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना चष्म्याच्या दुकानात एनएचएसची डोळेतपासणी २००६ पासून मोफत आहे, चिठ्ठीवरची औषधं २०११ पासून. धुळीच्या कामाला लागणारा संरक्षक चष्मा मालकाने फुकट द्यायचा असतो. २०२२ पासून हा नियम कायम नोकरी नसलेल्या बऱ्याच कामगारांनाही लागू आहे. तेव्हा बिनधास्त मागा.

डोळा खूप दुखला, उजेड सोसेना किंवा नजर एकाएकी अंधुक झाली, तर त्याच दिवशी दाखवा. सुट्टीची वाट बघू नका.