पाणी उतरलं? ४२ फूट १० इंचांची गोष्ट

शिवाजी पेठेतून, आमच्या घराच्या माडीवरून बोलतोय. बाहेर पाऊस लागलाय, त्यामुळे मागं पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

पावसाळ्यात कोल्हापुरात चहाच्या आधी एक प्रश्न असतो: "राजाराम किती?" म्हणजे कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या महापुरात ती ५५ फूट ७ इंचांवर गेली होती आणि २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. हे आकडे इथं पोरासोरांनाही पाठ आहेत.

माझे मामा प्रयाग चिखलीला असतात. पूर आला की पाण्याखाली जाणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. मामांच्या गोठ्यात म्हशी आहेत, आणि म्हशी हलवायच्या तर रस्ता बंद व्हायच्या आत हलवाव्या लागतात. म्हटलं, आपण इंजिनीअर आहोत, मामांसाठी काहीतरी करूया. पातळीचे मेसेज ग्रुपवर सारखे येतातच. माझा जुना मोबाईल ते घरच्या कॉम्प्युटरला पाठवणार, पायथनची स्क्रिप्ट त्यातला आकडा काढणार, आधीच्या आकड्याशी ताडून बघणार आणि मामांना एका ओळीत कळवणार: पाणी वाढतंय किंवा पाणी उतरतंय.

येणाऱ्या मजकुरातून असा कामाचा आकडा वेगळा काढणं म्हणजेच पार्सिंग. एका संध्याकाळचं काम. मी फूट आणि इंच यांच्यामध्ये टिंब टाकलं आणि सरळ दशांश आकडा केला. ४२ फूट ८ इंच म्हणजे ४२.८. ४२ फूट ९ इंच म्हणजे ४२.९. सगळं झकास चाललं होतं.

मग एका रात्री मेसेज आला: ४२ फूट १० इंच. स्क्रिप्टनं केलं ४२.१०. कॉम्प्युटरच्या लेखी ४२.१० म्हणजे ४२.१, म्हणजे ४२.९ पेक्षा कमी. मामांना मेसेज गेला: "पाणी उतरतंय."

धोक्याच्या पातळीला फक्त २ इंच बाकी होते.

थोड्या वेळानं मामांचा फोन. "आरं, तुझं मशीन पाणी उतरलं म्हणतंय, आणि हितं गोठ्याम्होरचा दगड बुडाला की!" मामांनी माझ्यापेक्षा दगडावर जास्त विश्वास ठेवला. रात्रीच म्हशी सोनतळीला नेल्या. दगड अंधारात दिसला नसता तर? हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

त्या रात्री स्क्रिप्टनं एकही एरर दिली नव्हती. एरर आली असती तर मी उठून बघितलं असतं. आपण पोरं प्रोग्राम बंद पडू नये म्हणून धडपडतो, पण चुकीचा आकडा बरोबर समजून पुढं जाणारा प्रोग्राम बंद पडलेल्या प्रोग्रामपेक्षा लई वाईट.

दुरुस्ती सोपी होती. सगळं इंचात मोजायचं. फुटांना १२ नं गुणा, इंच मिळवा. ४२ फूट ९ इंच म्हणजे ५१३, ४२ फूट १० इंच म्हणजे ५१४, धोका ५१६. आता तुलना बरोबर होते.

पण कोड उघडलाच होता, तर अजून एक भोक सापडलं. मोबाईलकडून कॉम्प्युटरकडं मजकूर येतो तो नळाच्या पाण्यासारखा. एक मेसेज एका दमात येईलच असं नाही. आधी "४२ फूट १" एवढंच आलं आणि "० इंच" मागून आलं तर? अर्धा तुकडा तुटका दिसतच नाही, चांगला ४२ फूट १ इंच दिसतो! त्यात देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं. तुकडा नेमका अक्षराच्या मध्येच पडू शकतो.

म्हणून आता माझा क्रम असा आहे. बाइट येतील तसे साठवत राहायचं. ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पूर्ण ओळ मिळाली की मगच तिची अक्षरं करायची. मग रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'सर्च' न वापरता 'फुलमॅच' वापरायचं. सर्च ओळीत कुठंही जुळणारा तुकडा उचलतो, फुलमॅचला अख्खी ओळ जुळावी लागते. इंच ० ते ११ च्या बाहेर गेले तर ओळ नापास.

आकड्यांचंही एक सांगतो. कुणी मराठीत ४२ लिहितं, कुणी इंग्रजीत. पायथनचं 'इंट' दोन्ही समजून घेतं. जावास्क्रिप्टचं 'नंबर' मराठी आकड्यांना थेट 'नॅन' म्हणतं, म्हणजे हा आकडाच नाही. त्यामुळे भाषा बदलली की हे पहिलं तपासा.

आणि ओळ नापास झाली तर? तेव्हा स्क्रिप्ट अंदाज करत नाही. मूळ मेसेज जसाच्या तसा मामांना पाठवते आणि वर लिहिते: "मला कळलं नाही, तुम्ही वाचा." ही ओळ लिहायला मला दोन मिनिटं लागली. स्क्रिप्टमधली सगळ्यात कामाची ओळ तीच.

मामा अजून दगड बघतातच. मीही त्यांना बघू नका म्हणत नाही.

तुमच्याकडं असं काही चालू असेल, दूध डेअरीचा हिशोब असो की क्लासची हजेरी, तर आज त्याला मुद्दाम दहा वाकड्या ओळी खायला घाला. किती ओळींना तो "कळलं नाही" म्हणतो ते मोजा, आणि किती गपगुमान गिळतो तेही मोजा. मला कळवा. भेटू पुढच्या भागात. पावसात जपून राहा!