चिलखत घालायचं की जपायचं?

(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेल्या छोट्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'मुलं आणि कॉम्प्युटर गेम्स'. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, म्हणजे मला यातलं सगळं कळत असणार, असा आयोजकांचा प्रेमळ गैरसमज आहे. तेव्हा मी फक्त एका चिलखताबद्दल बोलणार आहे.

माईनक्राफ्ट हा खेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात शिरलेला आहेच. दगड खणा, घर बांधा आणि रात्री येणाऱ्या भुताखेतांपासून जीव वाचवा. आमचा दहा वर्षांचा मुलगा दर शनिवारी सकाळी पुण्यातल्या चुलतभावाबरोबर खेळायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. मराठीचा वर्ग त्याला जे शिकवू शकला नाही ते "अरे पळ, मागे बघ, मेलास बघ!" यातून तो शिकला. दादाने त्याला हिऱ्यांचं एक चिलखत दिलं होतं. मंतरलेलं, आणि वर नाव कोरलेलं : 'छोट्यासाठी'.

आता थोडं गणित. छातीच्या चिलखताला आठ हिरे लागतात आणि ते 528 गुण टिकतं. लोखंडाचं टिकतं 240. साधा वार बसला की एक गुण जातो, जोरदार बसला की जास्त. पूर्ण हिऱ्याचा पोशाख कागदावर 80 टक्के मार अडवतो, लोखंडाचा 60. गंमत म्हणजे चिलखताचा शेवटचा गुण उरला असला तरी ते नव्याइतकंच रक्षण करतं. पूर्वी असं नव्हतं. 2011 च्या नोव्हेंबरात खेळ पूर्ण स्वरूपात आला, त्याआधीच्या बीटा आवृत्त्यांत चिलखत झिजेल तसं रक्षणही घटायचं. म्हणजे आधीच मार खाल्लेल्याला आणखी मार! ते बदललं हे बरंच केलं, असं माझं मत.

दुरुस्ती ऐरणीवर होते. एक हिरा घातला की पाव आयुष्य परत मिळतं. म्हणजे नव्याला आठ हिरे, पण पूर्ण झिजलेल्याला चारच. स्वस्त वाटतं ना? पण मेख पुढे आहे. हिऱ्याखेरीज कमावलेल्या अनुभवाच्या पातळ्याही मोजाव्या लागतात आणि दर दुरुस्तीला हा दंड वाढत जातो. तुम्ही किती दुरुस्त केलं यावर नाही हं, कितीदा केलं यावर!

आमचे चिरंजीव दादाच्या चिलखताला ओरखडा उठला की लगेच ऐरणीवर. दर वेळी एकच हिरा. पहिल्यांदा एक पातळी गेली, मग दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. आमच्या धंद्यातल्या लोकांना ही रांग झोपेतही म्हणता येते. सातव्यांदा चौसष्ट लागणार होत्या, आणि मर्यादा आहे चाळीसच्या आत. ऐरणीने लाल अक्षरांत सांगितलं, 'टू एक्स्पेन्सिव्ह'. थांबून, चिलखत पार झिजल्यावर चार-चार हिरे घातले असते, तर तेवढ्याच सहा दुरुस्त्यांत ते कितीतरी पट चाललं असतं. अतिकाळजीने घात केला. (जुन्या पेरोल प्रोग्रॅमला दर महिन्याला एक ठिगळ लावून मीही हेच केलेलं आहे, पण तो विषय वेगळा.)

तोवर पुण्याचा दादा दहावीत गेला. क्लास सुरू झाले, शनिवार बंद झाले.

मी जरा शहाणपणा दाखवला. म्हटलं, 'मेंडिंग' नावाचा मंत्र आहे, तो असला की मिळालेल्या अनुभवातून चिलखत आपोआप दुरुस्त होतं. पण तो मंत्र चढवायलाही ऐरणच लागते, आणि ऐरण तर नाही म्हणून बसलेली. मग म्हटलं, दुसरं चिलखत घेऊन दोन्ही एकत्र जोड, तिथे दंड नाही. तो म्हणाला, "बाबा, मग दादाचं नाव जातं." खरं होतं. मंत्रही जातात.

त्याने ते पेटीत ठेवून दिलं आणि लोखंडाचं घालून फिरू लागला. दोन आठवड्यांत क्रीपरने त्याला उडवलं. सांडलेलं सामान पाच मिनिटांत नाहीसं होतं, तो पोचला तेव्हा काही उरलं नव्हतं. पोरगं रडलं. बायको म्हणाली, "खेळ बंद करा हा." मी काहीच बोललो नाही. सामान मीही मनातल्या मनात मोजत होतो.

त्या रात्री आम्ही पुण्याला फोन लावला. दादा अभ्यासाला उठला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "वेड्या, पेटीत ठेवायला दिलं होतं का तुला? घाल ते. मोडू दे. परीक्षा झाली की दुसरं करू."

गेल्या शनिवारी मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो. स्क्रीनवर आकडा होता : 528 पैकी 311. एकटाच गुहेत उतरत होता, आणि अंगात तेच होतं.