हाली सिक्क्याचा बीड जिल्हा
1948 पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या बाजारात संस्थानाचा हाली सिक्का चाले. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात मात्र ब्रिटिशांचा कलदार रुपया. सहा कलदारांना साधारण सात हाली, असा भाव. त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या आष्टीचा माल नगरच्या पेठेत गेला, की मालाच्या भावाआधी नाण्यांचा हिशेब मांडावा लागे. संस्थानाने कागदी नोटा 1918 मध्ये काढल्या, पण हैदराबाद स्टेट बँक आली ती 1941च्या कायद्याने. तोवर बहुतेक शेतकऱ्यांना आधार गावच्या सावकाराचाच: पेरणीला कर्ज, सुगीला वसुली. त्यात किती जमिनी गेल्या, हे मराठवाड्याच्या इतिहासात ठळकपणे लिहिले गेले पाहिजे. हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि 2017 मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.