शुश्रूषेचे मोल

वृद्धांची शुश्रूषा हे सुनेचे कर्तव्य, अशी जपानची जुनी समजूत. या श्रमाला वेतन नव्हते. म्हणून अर्थशास्त्राच्या हिशेबातही त्याला स्थान नव्हते. २००० साली तेथे शुश्रूषा-विमा सुरू झाला. वयाच्या ४० व्या वर्षापासून प्रत्येकाने वर्गणी भरावयाची आणि ६५ नंतर गरजेनुसार सेवा घ्यावयाची, असा हा बेत. तरीही २०२२ च्या सरकारी पाहणीत, आप्तांच्या शुश्रूषेपायी एका वर्षात सुमारे १ लाख माणसांनी नोकरी सोडल्याचे आढळले. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच. विम्याने शुश्रूषेला दाम दिला. तिला लागणारा वेळ कोणी द्यावयाचा, हा प्रश्न मात्र उरलाच. एका पिढीच्या वार्धक्यासाठी दुसरीच्या कर्तृत्वाची वर्षे खर्ची पडत असतील, तर विकासाचा जमाखर्च पुन्हा मांडावयास हवा.