सुई, आरसा आणि पाणसळ

पेण-रोह्याच्या वाटेवरच्या आमच्या कासूसारख्या गावातही कुणाच्या माळ्यावर मुंबईहून आलेल्या जुन्या एलपी निघतात. प्लेअर पुसून लावला तर फिरतोही. पण आवाज फाटतो. मग म्हणतात, तबकडी गेली. पुष्कळदा तबकडी शाबूत असते, सुई वाकडी बसलेली असते.

याचं कारण सोपं आहे. तबकडी कोरणारं यंत्र कडेपासून केंद्राकडे सरळ रेषेत सरकतं. आपल्या प्लेअरचा दांडा मात्र बिजागरीवरच्या दारासारखा फिरतो. त्यामुळे सुईचा खाचेशी कोन सतत बदलतो आणि नेमका जुळतो तो फक्त दोन जागी. या जागांचं गणित लोफग्रेन यांनी १९३८ साली आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ साली मांडलं. केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटर, हे त्यातले रूढ आकडे.

आपल्या संगीताला हे फार जाचतं. ख्याल कडेला विलंबित लयीत सुरू होतो. द्रुत आणि ताना येतात लेबलाजवळ. तिथे एका फेऱ्याची खाच आखूड, म्हणून स्वर दाटीनं कोरलेले. कोन चुकला, की नेमकी तानच फाटते.

मग हत्यारं कोणती घ्यावीत? पहिली पाणसळ. गवंड्याची लांब नको, गोल बुडबुड्याची लहान पुरे. प्लेअर समतल नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

दुसरा काटा. एलपीच्या बहुतेक सुया दीड ते दोन ग्रॅम भार मागतात. अचूक आकडा कार्ट्रिज बनवणाऱ्याच्या कागदावर असतो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्या, पण त्याची बैठक तबकडीच्या उंचीइतकी हवी. काटा उंच असला तर दांडा वर उचलला जातो आणि माप बदलतं. पोलादी तबकही टाळा. कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला ओढतं.

तिसरा कोनमापक तक्ता. कागदावर छापलेला चालतो, मात्र छापताना आकार बदलला नाही ना, हे पट्टीनं मोजून पाहा. आरशावरचा तक्ता अधिक चांगला. त्यात सुई आणि तिचं प्रतिबिंब एका ओळीत दिसतं, नजर फसत नाही. एकाच दांड्यासाठी आखलेला कमानीचा तक्ता सर्वांत नेमका. पण प्लेअर बदलला की तो निरुपयोगी.

आधी भार, मग कोन, मग पुन्हा भार, असा क्रम ठेवा. स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा.

पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात जसा घाई करत नाही, तसंच हे काम. मिसऱ्यात एक मात्रा वाढली तर कवी ती दुरुस्त करू शकतो. जड, वाकड्या सुईनं झिजवलेला सूर मात्र कुणालाच परत भरता येत नाही. म्हणून पैसे थोडे असतील तर नवी तबकडी नंतर घ्या. काटा आणि आरसा आधी.